वाचकांचे प्रश्न : मळ्यांवरची हत्यारं आणि आपला कोयता

गेल्या अंकात वेस्ट इंडीजमधल्या ऊसमळ्यांवर आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापसाच्या मळ्यांवर गुलामांच्या हाती कोणती अवजारं असत, यावर लेख छापला होता. त्यावर मराठवाड्यातून आलेली पत्रं बहुतेक ऊसतोड करणाऱ्यांची, शेतकऱ्यांची आणि एका लोहाराची आहेत. त्यामुळे इतिहासाइतकीच धार, वजन आणि मापं यांची चौकशी जास्त. उत्तरंही त्याच अंगानं दिली आहेत.

लेखातल्या चित्रात कोयता आखूड, रुंद पात्याचा आणि पाठीला आकडा असलेला दिसतो. आमच्या कोयत्याला असा आकडा नसतो. तो कशासाठी? तसा कोयता आपल्याकडे चालेल का?
— ऊसतोड कामगार, ता. शिरूर कासार, जि. बीड

त्या हत्याराला तिकडे 'केन बिल' म्हणत. पातं टोकाकडे रुंद होत गेलेलं आणि पाठीला बोटभर लांबीचा आकडा. एका उसामागे हाताच्या तीन हालचाली. पहिला घाव बुडाला. मग मनगट फिरवून आकड्यानं पाचट वरून खाली ओढायचं. तिसरा घाव शेंड्याला, वाढं तोडायला. आकड्याचा फायदा इतकाच की पाचट ओढायला दुसरा हात लागत नाही, त्यामुळे पानांच्या करवती कडांनी बोटं कमी चिरतात. क्यूबा आणि आसपासच्या स्पॅनिश मुलखात मात्र लांब सरळ पात्याचा माचेटे जास्त वापरात होता. ऊस तोडायला, झुडपं छाटायला, नारळ फोडायला तोच. कनेक्टिकटमधल्या कॉलिन्सव्हिल गावी १८२६ साली सुरू झालेल्या कॉलिन्स कंपनीची कुऱ्हाडी आणि माचेटे लॅटिन अमेरिकेत इतके खपले की तिचं नाव चांगल्या पात्याची ओळख बनलं.

आपल्याकडे चालेल का, तर उभ्या आणि पाचट घट्ट धरून ठेवणाऱ्या उसात चालेल. लोळलेल्या उसात नाही. आडव्यातिडव्या उसात हात घातला की आकडा शेजारच्या कांड्यात अडकतो आणि घाव चुकतो. चुकलेला घाव बहुतेक वेळा डाव्या नडगीवर किंवा डाव्या हाताच्या बोटांवर येतो. करून बघायचाच असेल तर आकडा त्याच पाट्यातून ओढून काढायला सांगा, वरून वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि नेमकं तिथूनच तुटतं. आकड्याची बाहेरची कड बोथट ठेवा, नाहीतर मोळी उचलताना कमरेला लावलेला कोयता स्वतःलाच लागेल.

आकड्यापेक्षा आम्ही वजनाकडे बघू. नवरा-बायकोची जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते असं धरा, आणि एक ऊस सव्वा किलोचा. म्हणजे १६०० ऊस. प्रत्येकाला बुडाचा आणि शेंड्याचा असे दोन घाव धरले तर ३२०० घाव. कोयत्यात शंभर ग्रॅम जास्त लोखंड असेल तर दिवसभरात ३२० किलो वजन फुकटचं उचललं गेलं. पाचट काढतानाचं वेगळंच. फार हलका कोयताही कामाचा नाही, कारण बुडाचं कांडं जाड असतं आणि एका घावात तुटलं नाही तर दुसरा घाव घालावा लागतो. वजन पात्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात हवं, मुठीजवळ नको.

बुडाचा घाव जमिनीलगत का घालायचा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण शेतमालक विचारतात म्हणून हिशेब देतो. दोन मीटर लांबीच्या उसाचा चार सेंटीमीटर बुडखा शिल्लक राहिला तर लांबीचे दोन टक्के गेले. एकरी चाळीस टनांच्या फडात हा पाऊण टनाहून जास्त ऊस होतो. शिवाय बुडाची कांडी जास्त भरलेली आणि जास्त गोड. वर खोडवा ठेवायचा असेल तर उंच बुडख्यावरचे डोळे जमिनीच्या वर फुटतात, त्या फुटव्यांना स्वतःची मुळं नीट सुटत नाहीत आणि वाऱ्याला ते उपटतात. जमैकातला मळेवाला आणि आपला कारखाना, दोघांचीही 'खालून तोडा' ही ताकीद याच कारणानं. फरक असा की वाकण्याचा त्रास ताकीद देणाऱ्याला तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे कोयते करतो. काहींना दोन दिवसांत दाते पडतात, काहींची धार वळते. पाणी देण्यात चूक होते का? जुन्या काळी मळ्यांवरच्या हत्यारांना पाणी कसं देत?
— लोहारकाम करणारे वाचक, ता. भूम, जि. धाराशिव

दाते पडणं म्हणजे धार गरजेपेक्षा कडक राहिली, वळणं म्हणजे मऊ राहिली. दोन्ही दोष पाण्याचेच, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करत कडक करण्याचे. कमानीचं पोलाद मुळात चांगलं असतं, फक्त त्याला घाईचं पाणी सोसत नाही.

पातं घडवून झाल्यावर एकदा लाल करून राखेत हळूहळू निवू द्या, म्हणजे घणाचा ताण निघतो. मग धारेकडचा भाग सारखा तापवा. रंगाचा अंदाज उन्हात फसतो, म्हणून चुंबक जवळ ठेवा. पोलादाला चुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापवायचं आणि बाहेर काढायचं. पिवळं पडेपर्यंत तापवलं तर कण मोठे होतात, मग कितीही चांगलं पाणी दिलं तरी पातं बिस्किटासारखं तुटतं. तापलेली धार साध्या पाण्यात न बुडवता कोमट तेलात बुडवा, पाण्यात या पोलादाला केसाएवढ्या चिरा जातात. तेल लोखंडी डब्यात ठेवा, झाकण हाताशी असू द्या. तेल पेट घेतं, आणि प्लास्टिकच्या बादलीत पेटलेलं तेल आवरत नाही.

आता पातं काचेसारखं कडक असेल. कानस फिरवून बघा, नुसती घसरली तर पाणी लागलं. चावली तर लागलं नाही, परत तापवा. पाणी लागल्यावर धारेजवळचा पट्टा घासून चकचकीत करा आणि पाठीकडून मंद आच द्या. चकचकीत भागावर रंग सरकत येतो, आधी फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. वस्तऱ्याला पिवळा पुरतो. कोयता दगड-मातीला लागणार, म्हणून धारेवर जांभळा उतरून निळा यायला लागला की थांबवा. तुमच्या दाते पडणाऱ्या कोयत्यांना ही दुसरी आच मिळालेली नसणार.

वळणाऱ्या कोयत्यांचं कारण बऱ्याचदा ग्राइंडर असतं. घासताना धारेचा काठ निळा पडून पुढे करडा झाला की तिथलं पाणी उतरलं. दर दोन-तीन फेऱ्यांनी पाण्यात बुडवत घासा, शेवटचा हात कानशीचा किंवा दगडाचा द्या.

मूठ ओल्या बाभळीची बसवू नका. ती फडात वाळते, आकसते आणि ढिली होते. मुठीच्या तोंडाला कडी हवीच, नाहीतर लाकूड उभं चिरतं.

जुन्या काळी सबंध हत्यार पोलादाचं करणं परवडत नसे. चांगल्या कुऱ्हाडीचं अंग लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून जोडलेली असे. मळ्यांवर पाठवायची फावडी बर्मिंगहॅम भागातून गठ्ठ्यांनी जात. त्यातली स्वस्तातली नुसत्या लोखंडाची, लवकर झिजणारी. झिजलेल्या फावड्यानं काम वाढतं, पण वाढलेल्या कामाची मजुरी द्यायचीच नसेल तर स्वस्त फावडं घेणाऱ्याचं काही बिघडत नाही.

तिकडे बैल होते, नांगर ठाऊक होता, मग उसासाठी हातानं खड्डे का खणून घेत?
— शेतकरी, ता. औसा, जि. लातूर

आधी खड्डा म्हणजे काय ते बघू. बार्बाडोस, जमैका या बेटांवर शेताला दोऱ्या आणि खुंट्या लावून चौकोन पाडत. एकेक चौकोन साडेतीन ते चार फुटांचा आणि खोली पाच-सहा इंच. निघालेली माती कडेला ओढून तिचा बांध करायचा, तळाशी उसाची टिपरी ठेवून वर दोनेक इंच माती सारायची. पुढे ऊस वाढेल तसा बांध हळूहळू आत ओढत चार-पाच महिन्यांत जमीन सपाट करत. आपल्या मोठ्या बांधणीशी हे जुळतं. उतारावरची माती वाहून जाऊ नये, पावसाचं पाणी थांबावं, शेणखत नेमकं बुडाशी पडावं, हे खड्ड्याचे खरे फायदे, आणि बार्बाडोसमध्ये धूप इतकी झाली होती की सरीपेक्षा खड्डाच बरा ठरला.

आता काम मोजू. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमैकात धडधाकट माणसाला दिवसाला शंभर खड्डे, कधी त्याहून जास्त, असा हिशेब मळेवाले स्वतःच लिहून ठेवत. साडेतीन फुटी चौकोन आणि पाच इंच खोली धरली तर एका खड्ड्यात पाच घनफूट माती, म्हणजे शंभर खड्ड्यांची पाच ब्रास. चार फुटी आणि सहा इंची धरली तर आठ ब्रास. कडा उतरत्या असत, माती लांब टाकायची नसे, हे खरं. तरीही ज्यांनी रोजगार हमीच्या कामावर माती काढली आहे त्यांना पाच ब्रास हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

माणसं एका रांगेत उभी करत, प्रत्येकाला एक पट्टा. सगळ्यांनी एका वेळी पुढच्या चौकोनावर सरकायचं. कोण मागे पडलं हे रांगच दाखवून देई आणि मागे चाबूकवाला उभा असे. खतही टोपल्यांनी डोक्यावरून वाहायचं. तरुण आणि तगडी माणसं पहिल्या टोळीत, अर्धवट वयाची मुलं आणि थकलेली माणसं दुसरीत, लहान मुलं गवत काढायच्या टोळीत. पहिल्या टोळीत बायका बरोबरीनं खणत.

नांगर का नाही, याचं उत्तर पैशात आहे. तोडणी आणि गाळपाच्या चार-सहा महिन्यांसाठी लागतील तेवढी माणसं मळेवाल्यानं विकत घेऊन ठेवलेली असत. तोडणी संपली म्हणून त्यांचा खर्च थांबत नसे. मग बैलजोड्या पाळायच्या, त्यांना चारा पुरवायचा, नांगर दुरुस्त करत बसायचं, हे कशाला? नांगरलेल्या रानात तेच खड्डे दुप्पट वेगानं होतात हे मळेवाल्यांना माहीत होतं, त्यांनी तसं लिहिलंही आहे. ज्याला माणसाचा दिवस फुकट मिळतो तो वेळ वाचवणारं अवजार घेत नाही.

फावड्याबद्दल थोडं. तिकडचं 'हो' म्हणजे जवळपास आपलं फावडंच, डोळ्यात दांडा घातलेलं, पातं दांड्याकडे वळलेलं. फक्त तण काढायचं वेगळं, माती ओढायचं रुंद वेगळं आणि मुळं तोडायचं अरुंद वेगळं. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आखणीत ज्याचं नाव झालं तो फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड १८५०च्या दशकात दक्षिणेत हिंडला होता. गुलामांना दिलेली अवजारं इतकी जड आणि बोजड आहेत की त्यानं काम निदान दहा टक्क्यांनी वाढत असेल, असं त्यानं नोंदवलं. मळेवाल्यांचं म्हणणं, हलकी दिली तर मोडून ठेवतात. ज्या कामाचं फळ आपलं नाही त्या कामाचं अवजार जपायला कोण बसणार, हे त्यांना सुचलं नसेल असं वाटत नाही.

फावडं निवडताना तुमच्या काळ्या रानासाठी एवढं बघा. खणायचं फावडं दांड्याशी काटकोनापेक्षा बऱ्यापैकी आत वळलेलं हवं, म्हणजे पातं मातीत घुसतं. माती ओढायचं काटकोनाच्या जवळचं. वळण कमी पडलं की माणूस जास्त वाकून ती कसर भरून काढतो आणि संध्याकाळी कंबर बोलते. दांडा आखूड असला तरी तेच. कॅलिफोर्नियात मेक्सिकन शेतमजुरांना दोन फुटांच्या आतल्या दांड्याचं खुरपणीचं अवजार सक्तीनं वापरायला लावत. वाकलेला माणूस कामात, सरळ उभा दिसला तो रिकामा, असं मुकादमाला लांबूनच कळे. पाठीच्या विकारांमुळे त्यावर १९७५ साली बंदी आली.

कापूस वेचायला तिकडे काही अवजार होतं का? आणि मुलाच्या पुस्तकात वाचलं की सरकी काढायचं यंत्र आल्यावर माणसांचं काम कमी झालं. मग गुलामी का वाढली?
— गृहिणी व शेतकरी, ता. मानवत, जि. परभणी

ताई, अवजार नव्हतं. दहा बोटं आणि एक थैला. आपण कमरेला ओटी बांधतो, तिकडे खांद्यावरून घेतलेला लांब गोणपाटी थैला मागे जमिनीवर फरफटत असे. तो भरला की शेताच्या कडेला ठेवलेल्या टोपल्यात रिकामा करायचा. बोंडाच्या वाळलेल्या नख्या बोटांत घुसतात, नखांच्या कडेची कातडी फाटते, हे तिकडेही तसंच. वेचण्याची खुबीही तीच, नख्यांना न धरता पाकळीचा कापूस बुडाशी चिमटून एका झटक्यात काढायचा, दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर.

पुस्तकातलं वाक्य अर्धंच आहे. एली व्हिटनीनं १७९४ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात लाकडी रुळावर तारेचे दाते बसवलेले असत. ते जाळीतून कापूस ओढून घेत, सरकी मागे राही. हातानं सरकी वेगळी करायची तर एका माणसाचा दिवस जेमतेम पौंडभर रुई देई. यंत्रावर पन्नास पौंड निघे. (दोन रुळांमधून कापूस ओढणारी आपली चरकी त्याच्या कितीतरी आधीची. पण आखूड धाग्याच्या आणि सरकीला चिकटून बसणाऱ्या अमेरिकी कापसाला ती जमेना.) आता बघा, अडलं होतं ते सरकी काढण्यापाशी. तो बांध फुटल्यावर कितीही कापूस खपायला लागला, पण पेरणी, खुरपणी आणि वेचणी हातानंच होती. १७९०मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६०मध्ये जवळपास चाळीस लाख. वेचणीचं यंत्र खऱ्या अर्थानं शेतात आलं ते थेट १९४०च्या दशकात. एका टप्प्यावर यंत्र आलं की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांवरच्या हातांवर भार वाढतो, हे जिनिंगच्या गावात राहणाऱ्याला नवीन नाही.

खरं अवजार म्हणायचं तर काटा. रोज संध्याकाळी प्रत्येकाची टोपली तोलली जाई आणि पाटीवर आकडा लिहिला जाई. १८५०च्या आसपास लुईझियानात धडधाकट माणसाला दिवसाला २०० पौंड, म्हणजे साधारण नव्वद किलो कापूस सांगितला जाई. कमी भरला तर फटके. जास्त भरला तर उद्यापासून तोच आकडा ठरला, म्हणून चांगला वेचणाराही हात राखून वेची. हा नव्वद किलोचा आकडा आपल्या वेचणीशी ताडून बघू नका. तिकडे मोठ्या बोंडाचं, सहज सुटणारं वाण मुद्दाम निवडून आणलेलं होतं.

तुमच्या वेचणीचं वजन किलोवर होत असेल तर सकाळी काम सुरू व्हायच्या आधी काटा तपासायला सांगा. शिक्का असलेलं वीस किलोचं माप काट्याच्या मधोमध ठेवून बघा, मग चारही कोपऱ्यांवर. आकडा बदलला तर काटा सपाट जागेवर नाही किंवा त्यात खोट आहे. गाठोड्याचं फडकं आधी तोलून ते वजन सगळ्यांच्या देखत लिहून ठेवा. आणि दवाचा कापूस वेचू नका, असं मालक म्हणाला तर त्यात त्याचीही गरज खरी आहे. ओल्या कापसाला गंजीत वाफ धरते आणि तो पिवळा पडतो.

गुऱ्हाळ चालवतो. तुमच्या लेखात चरकाजवळ कुऱ्हाड टांगलेली असे असं लिहिलंय. ऊस तोडायला का?
— वाचक, ता. कळंब, जि. धाराशिव

नाही. हात तोडायला.

तिकडचा चरक तीन उभ्या रुळांचा. एक बाई समोरून ऊस घाली, दुसरी पलीकडून चिपाड परत फिरवून देई. तोडलेल्या उसाचा रस लवकर आंबतो, म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस चाले. झोपेनं डुलकी आली आणि बोट उसाबरोबर आत गेलं की रूळ हात ओढत नेत. बैल, वारा किंवा पाणी यांवर फिरणारा चरक क्षणात थांबत नाही. मग माणूस वाचवायला कोपरापासून हात तोडायचा, त्यासाठी धार लावलेली कुऱ्हाड हाताशी. आतल्या खोलीत एकामागे एक लहान होत जाणाऱ्या काहिली मांडलेल्या. उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतायचा. काकवीसारखा घट्ट रस अंगावर पडला तर चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळत नाही, म्हणून पाण्यापेक्षा खोल भाजतो. तुमच्या गुळव्याला हे ठाऊक आहेच.

तुमच्या चरकासाठी सांगायचं तर, ऊस घालायची पाटी रुळांपासून पूर्ण हाताच्या लांबीपेक्षा जास्त लांब ठेवा. मग बोटं पोचतच नाहीत. उरलेलं आखूड टिपरं हातानं न ढकलता पुढच्या उसानं ढकला. दातेरी चाकांवर पत्र्याचं आवरण हवं. मोटर बंद करायचा खटका ऊस घालणाऱ्याच्या हाताशी असावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको. पदर, ओढणी, मफलर, ढिली बाही चरकापाशी चालणार नाही. आणि रात्रपाळीला तोच माणूस सलग बसवू नका.

तांदूळ पाखडायचं सूप तिकडेही होतं म्हणे?
— वाचक, ता. किनवट, जि. नांदेड

हो. दक्षिण कॅरोलिनातल्या भातशेतीवर गवताच्या जुड्या गुंडाळून शिवलेली पसरट, उथळ टोपली वापरत. ती विणण्याची रीत पश्चिम आफ्रिकेतून तिथे गेली. भात सडायला लाकडी उखळ आणि मुसळ. तिथे कामाची वाटणीही वेगळी होती. दिवसाला पाव एकराचा तुकडा नेमून द्यायचा, तो संपवला की उरलेला वेळ आपला.

लेख वाचून वाईट वाटलं. आम्ही घाम गाळून पैसे कमावतो, आमची बरोबरी गुलामांशी कशाला? उचल घेतो ती आमच्या मर्जीनं.
— ऊसतोड कामगार, ता. धारूर, जि. बीड

दादा, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि फरक ठळकपणे सांगायला हवा. मळ्यावरचा गुलाम ही मालमत्ता होती. मळ्याची यादी करताना बैल, काहिली, फावडी आणि माणसं एकाच कागदावर किमतीसह लिहीत. आईच्या पोटी जन्मलेलं मूलही मालकाचं. ब्रिटिश वसाहतींत १ ऑगस्ट १८३४पासून गुलामी रद्द झाली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना छदाम नाही. उलट त्यांना आणखी चार वर्षं 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे राबवून घेतलं. मग त्याच मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिये गेले, पाच वर्षांच्या करारानं. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते. तुमचं तसं नाही. कोयता तुमच्या मालकीचा, मूठ तुम्ही बसवता, मोडला तर नवा तुमच्या पैशानं येतो, आणि हंगाम संपला की तुम्ही गावी परत येता.

मात्र उचल घेणं आणि उचलीत अडकणं या दोन गोष्टी आहेत. नुसती उचल घेणं बेकायदा नाही. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचं नाही, गाव सोडायचं नाही, बाईनं आजारपणातही फडावर यायचंच, नाहीतर खाड्याचे पैसे अंगावर, अशी अट असेल तर प्रकरण वेठबिगारीच्या कायद्यात बसू शकतं. १९७६चा हा कायदा २५ ऑक्टोबर १९७५पासून लागू आहे. त्यात अशी बाकी रद्द होते, ती वसूल करायला दावाही लावता येत नाही, आणि वेठबिगारी करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे लेखी द्यायची. किमान वेतनापेक्षा कमी पैशावर काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात म्हटलं आहे.

मुकादमाच्या वहीबरोबर स्वतःचीही एक वही ठेवा. तारीख, गाडीचा नंबर, काट्याच्या पावतीवरचं वजन, मिळालेले पैसे, खाडे. पावतीचा मोबाइलवर फोटो काढा, शाई उडते. एका 'कोयत्या'चा हिशेब दोघांच्या श्रमाचा असतो, म्हणून बायकोचं नावही वहीत स्वतंत्र लिहा.

शाळेत या विषयावर प्रदर्शन भरवायचं आहे. खर्च न करता काय दाखवता येईल?
— शिक्षिका, ता. माजलगाव, जि. बीड

मैदानावर फक्कीनं चार फुटी चौकोन आखा, दहा ओळी आणि प्रत्येकीत दहा. हे एका माणसाचं एका दिवसाचं काम. एक चौकोन सहा इंच खणून ठेवा, बाकीचे नुसते आखलेले पुरेत. बाजूला फावडं, खताची टोपली, उसाची एक मोळी आणि वजनकाटा. मुलांना टोपलीत माती भरून तोलू द्या, उचलून दहा पावलं चालू द्या, मोठ्या मुलांनाच आणि एकदाच. कोयते ठेवणार असाल तर धारेवर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी चढवून फळीला तारेनं बांधा.

चाबूक, बेड्या, गळ्यातली काटेरी कडी किंवा ऊस खाऊ नये म्हणून तोंडावर बसवत तो पत्र्याचा मुखवटा, यांची चित्रं दाखवा, नकली वस्तू करून मुलांना घालू नका. गुलाम आणि मालक असं नाटुकलंही नको. तुमच्या वर्गात ऊसतोड मजुरांची मुलं असतील, गुलामाचं काम आपोआप त्यांच्या वाट्याला जाईल. त्याऐवजी हैतीची हकिकत सांगा. १७९१च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ऊसमळ्यांवरचे गुलाम उठले, सुरुवातीला बहुतेकांच्या हाती तोडणीची पातीच होती, आणि १८०४ साली तो देश स्वतंत्र झाला. क्यूबातही १८६८च्या उठावात माक्सिमो गोमेसनं माचेटेधारी टोळी घेऊन स्पॅनिश फौजेवर हल्ला चढवला होता.

आजोबांचा जुना कोयता सापडला आहे, फार गंजलाय. ठेवणीत ठेवायचा आहे. ॲसिडनं साफ करू का?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

ॲसिड नको, पॉलिश पेपरही नको. ॲसिड चिरांत मुरतं आणि धुतल्यावरही गंज आतून खात राहतो. पॉलिश पेपरनं लोहाराच्या घणाच्या खुणा जातात, आणि अशा हत्यारात जपण्यासारखं तेच असतं. पातं दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवा, मूठ बाहेर राहू द्या. मग पितळी तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढा. काळा, घट्ट बसलेला थर राहू द्या, तो पात्याचं रक्षण करतो. सुक्या फडक्यानं पुसून तासभर उन्हात ठेवा आणि मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. मुठीला जवसाचं तेल, अगदी थोडं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, तो पसरून वाळवा. कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, कागद ओल धरतो. सुती फडक्यात ठेवा आणि दर पावसाळ्याआधी एकदा तेल पुसा.